पडद्यावरची करामत: क्विकबेसिकमध्ये लायब्ररीतली रुटीन कशी वापरायची

प्रिंट, लोकेट आणि कलर हाताखालून गेले की प्रत्येकाला एकच सुरसुरी येते. मजकूर नुसता उमटू नये, अंधारातून हळूहळू उजळावा. यादी टपकन बदलू नये, खालून वर सरकत यावी. मग आपण फॉर-नेक्स्ट लावून झटापट करतो आणि पडदा नुसता फडफडतो. अशा फडफडीला कंटाळलेल्यांसाठी हा लेख आहे. क्विकबेसिक ४.५ हे बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं १९८८ सालचं साधन. आज ते डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुनं डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, झकास चालतं, आणि लायब्ररी (नाव घेऊन बोलावता येणाऱ्या तयार तुकड्यांचा, म्हणजे रुटीनचा, संच) म्हणजे नक्की काय हे शिकायला यापेक्षा सुटसुटीत जागा मला माहीत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली लायब्ररी उतरवून घेऊ नका, स्वतः बांधा. चार रुटीनची का असेना. दुसऱ्याची तयार लायब्ररी बिघडली की ती का बिघडली हे कळायला एकदा तरी स्वतःचे हात त्यात घातलेले असावे लागतात.

एक सूचना: कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक. चलांची आणि रुटीनची नावं मी मराठीच ठेवतो, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी शब्द. हौस म्हणून नाही. ‘स्टेप’, ‘कलर’, ‘स्क्रीन’ हे बेसिकचे राखीव शब्द आहेत, ते चलाला देता येत नाहीत. ‘पायरी’, ‘रंग’, ‘पडदा’ यांच्याशी बेसिकचं काही भांडण नाही.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा

डॉसबरोबर फुकट यायचं ते क्यूबेसिक आणि वेगळं विकत मिळायचं ते क्विकबेसिक. दोघांचा निळा पडदा जुळ्या भावंडांसारखा, म्हणून घोटाळा होतो. क्यूबेसिकला लायब्ररी जोडताच येत नाही आणि त्यातून ईएक्सई, म्हणजे थेट डॉसवरून चालणारी, फाइलही बनत नाही. ओळखायची खूण सोपी: रन मेनू उघडा. तिथे ‘मेक ईएक्सई फाइल’ असेल तर ते क्विकबेसिक. ‘मेक लायब्ररी’ दिसत नसेल तर ऑप्शन्स मेनूत जाऊन ‘फुल मेनूज’ चालू करा. नवख्यांना गोंधळायला नको म्हणून ते झाकून ठेवलेलं असतं, आणि नवखे नेमके त्यानेच गोंधळतात.

डॉसबॉक्समध्ये क्विकबेसिकचं फोल्डर माउंट करा. सगळं फार संथ वाटलं तर कंट्रोल-एफ१२ ने वेग वाढतो, कंट्रोल-एफ११ ने कमी होतो. तुमच्या फाइली, क्यूबी.बीआय (क्विकबेसिकसोबत येणारी घोषणांची फाइल) आणि लायब्ररी सध्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नीटनेटकेपणा नंतर करू.

पहिली ठिणगी: सोबत आलेली लायब्ररी

क्विकबेसिकबरोबरच क्यूबी.क्यूएलबी नावाची एक छोटी लायब्ररी येते. तिच्यात ‘इंटरप्ट’ नावाचं रुटीन आहे. त्यातून संगणकाच्या बायोसला, म्हणजे यंत्रातच कायम असलेल्या मूळ प्रोग्रॅमला, थेट हाक मारता येते. ती चढवायची तर डॉसच्या प्रॉम्प्टवर असं लिहायचं:

क्यूबी /एल

‘/एल’ पुढे नाव दिलं नाही तर क्यूबी.क्यूएलबीच चढते. पडदा नेहमीसारखाच दिसतो. काही बदललंय याची कुठलीही खूण नाही, म्हणून लगेच तपासून घेऊ. नवीन प्रोग्रॅम घ्या:

डेफइंट ए-झेड
'$इन्क्लूड: 'क्यूबी.बीआय'
डिम आर ॲज रेगटाइप
कलर ३१, १
प्रिंट "नमस्कार"
आर.एएक्स = &एच१००३
आर.बीएक्स = ०
कॉल इंटरप्ट(&एच१०, आर, आर)

पहिली ओळ सांगते की सगळी चलं पूर्णांकी (इंटिजर) धर. ‘एच’ लागलेले आकडे सोळाच्या पायातले, म्हणजे हेक्स. दुसरी ओळ अपॉस्ट्रॉफीने सुरू होते, म्हणजे दिसायला ती टिपणी आहे. पण डॉलरच्या खुणेमुळे बेसिक ती वाचतं. अपॉस्ट्रॉफी विसरलात तर चालणार नाही. (अवतरणातला मजकूर इंग्रजी अक्षरांतच द्या. देवनागरीचं पुढे येतंय.)

कलरमध्ये १६ ते ३१ हे आकडे म्हणजे लुकलुकणारी अक्षरं. पण शेवटच्या तीन ओळींनी आपण बायोसला सांगतो की लुकलुक बंद कर, आणि त्या बिटाचा उपयोग पार्श्वभूमी उजळ करायला कर. ‘नमस्कार’ लुकलुकायचं थांबून झगझगीत निळ्यावर पांढरं दिसू लागलं की समजा, लायब्ररी चढली आहे. बेसिक एरवी पार्श्वभूमीला आठच रंग देतं. तुम्हाला आता सोळा मिळाले, ते तीन ओळींत.

‘सबप्रोग्रॅम नॉट डिफाइन्ड’ अशी चौकट आली तर ‘/एल’ राहिलं. प्रोग्रॅममध्ये काही शोधत बसू नका. बाहेर पडा, परत आत या.

सरकणारी खिडकी

बायोसची एक सेवा आहे, क्रमांक सहा: पडद्याचा ठरावीक चौकोन एक ओळ वर सरकव. बाकीचा पडदा जिथल्या तिथे राहतो. बेसिकच्या प्रिंटला हे जमत नाही. याचं आपण एक सब (नाव दिलेलं रुटीन) बनवू, नाव ‘सरक’:

सब सरक
डिम आर ॲज रेगटाइप
आर.एएक्स = &एच०६०१
आर.बीएक्स = &एच१एफ००
आर.सीएक्स = &एच०५०ए
आर.डीएक्स = &एच०एफ४५
कॉल इंटरप्ट(&एच१०, आर, आर)
एंड सब

एएक्समधला ०६ म्हणजे सेवा, ०१ म्हणजे किती ओळी. बीएक्समधला १एफ हा रिकाम्या होणाऱ्या ओळीचा रंग: १ म्हणजे निळी पार्श्वभूमी, एफ म्हणजे पांढरी अक्षरं. सीएक्स हा वरचा डावा कोपरा, ओळ ०५ आणि स्तंभ ०ए, म्हणजे दहा. डीएक्स हा खालचा उजवा: ओळ ०एफ म्हणजे पंधरा, स्तंभ ४५ म्हणजे एकोणसत्तर. अकरा ओळींची, साठ अक्षरं रुंद अशी खिडकी झाली.

इथे हमखास पाय घसरतो. बायोस शून्यापासून मोजतं, लोकेट एकपासून. म्हणून खिडकीची शेवटची ओळ बायोसच्या हिशेबाने पंधरावी असली तरी तिथे लिहायला ‘लोकेट १६, ११’ लागतं. लोकेटला १५ दिलंत तर मजकूर एक ओळ वर उमटतो आणि खाली कायमची एक निळी पट्टी मोकळी राहते. तुम्ही मात्र सरक रुटीनमध्ये चूक शोधत बसता.

वापर असा: सरक बोलवा, शेवटच्या ओळीवर नवा मजकूर लिहा, थोडं थांबा, परत सरक. आता ‘थोडं थांबा’ म्हणजे किती? रिकामा फॉर-नेक्स्ट लावू नका. एका यंत्रावर तो अर्धा सेकंद घेतो, दुसऱ्यावर डोळ्याची पापणीही लवत नाही. थांबायचं ते पडद्याच्याच ठोक्यावर. ते आता बघू, कारण त्या ठोक्यावरच पडद्याचे सगळे परिणाम उभे आहेत.

पडद्याचा ठोका

व्हीजीए (त्या काळच्या पीसीची पडद्याची पद्धत) पडदा टेक्स्ट मोडमध्ये आणि स्क्रीन १३ या चित्रांच्या मोडमध्येही सेकंदाला साधारण ७० वेळा वरून खाली रंगवला जातो. एक फेरी सुमारे १४ मिलिसेकंदांची. फेरी संपली की किरण खालून परत वर जातो, तेवढा वेळ पडद्यावर काही रंगवलं जात नाही. ही उसंत सुमारे दीड मिलिसेकंदाची. रंग बदला, चित्र हलवा, जे करायचं ते या उसंतीत केलं तर प्रेक्षकाला जोड दिसत नाही. मधेच केलं तर वरचा अर्धा पडदा नवा आणि खालचा जुना, किंवा त्याउलट.

किरण परतीला निघाला हे पोर्ट (हार्डवेअरशी बोलायचं क्रमांकाचं दार) &एच३डीए वरच्या एका बिटातून कळतं. त्यासाठी दोन ओळी:

वेट &एच३डीए, ८, ८
वेट &एच३डीए, ८

दुसरी ओळ ‘परतीची वेळ होईपर्यंत थांब’ सांगते. मग पहिली कशाला? समजा तुम्ही आलात तेव्हा परतीची वेळ आधीच चालू आहे आणि संपतही आली आहे. फक्त दुसरी ओळ असेल तर ती लगेच सोडून देईल आणि तुमचं काम अर्ध्यात असताना किरण परत रंगवायला लागेल. पहिली ओळ म्हणते, चालू असलेली परत आधी संपू दे. स्टँडवर सुटायच्या बेतात असलेली बस सोडून पुढची पकडायची, म्हणजे बसायला जागा मिळते, तसंच हे.

या दोन ओळींचं ‘ठोका’ नावाचं सब करा. सरक आणि पुढच्या सरकमध्ये सहा ठोके दिलेत तर सेकंदाला बारा-एक ओळी सरकतील. कुठल्याही यंत्रावर तेवढ्याच.

मावळणं आणि उगवणं

आता खरा खेळ. पडदा हळूहळू काळा होणं, याला मी ‘मावळ’ म्हणतो. पुणेकरांना हे तालुक्याचं नाव वाटेल, पण सूर्य मावळतो त्यातलं आहे. उलट परिणामाचं नाव ‘उगव’.

व्हीजीएमध्ये रंगांची २५६ घरं असतात. प्रत्येक घरात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते ६३. घर वाचायला सुरुवात करायची तर पोर्ट &एच३सी७ वर घराचा क्रमांक द्यायचा, लिहायची तर &एच३सी८ वर. आकडे स्वतः मात्र दोन्ही वेळा &एच३सी९ वरून जातात-येतात. एकदा सुरुवातीचा क्रमांक दिला की पुढचं घर आपोआप येतं, दर वेळी सांगावं लागत नाही.

टेक्स्टमध्ये सोळाच रंग, म्हणून पहिली सोळा घरं मावळवली की झालं, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. केलं तर काय व्हावं? निळा, हिरवा, लाल गेले, आणि काळ्या पडद्यावर तपकिरी अक्षरं आणि सगळे उजळ रंग भुतासारखे तसेच उभे. कारण टेक्स्टमधले रंग क्रमाने त्या घरांत नसतात. ० ते ५ आणि ७ हे आपापल्या घरी आहेत, पण ६ क्रमांकाचा तपकिरी राहतो २० नंबरच्या घरात, आणि ८ ते १५ हे उजळ रंग ५६ ते ६३ मध्ये. व्हीजीएच्या आधीच्या ईजीएच्या काळातली ही मांडणी व्हीजीएने तशीच पुढे चालवली. म्हणून सरसकट पहिली ६४ घरं घ्यायची. ६४ गुणिले ३, म्हणजे १९२ आकडे.

आधी मूळ रंग वाचून जपून ठेवायचे:

सब रंगवाच (रंग() ॲज इंटिजर)
आउट &एच३सी७, ०
फॉर आय = ० टू १९१
रंग(आय) = इन्प(&एच३सी९)
नेक्स्ट
एंड सब

मग मावळ:

सब मावळ (रंग() ॲज इंटिजर)
फॉर पायरी = ६३ टू ० स्टेप -१
ठोका
आउट &एच३सी८, ०
फॉर आय = ० टू १९१
आउट &एच३सी९, रंग(आय) * पायरी \ ६३
नेक्स्ट
नेक्स्ट
एंड सब

उलट्या तिरक्या रेघेचा भागाकार पूर्णांकात होतो. साधी तिरकी रेघ वापरलीत तर दशांशाचं गणित लागतं आणि वेग पार बसतो. पायऱ्या ६४, ठोके सेकंदाला ७०, म्हणजे पडदा सेकंदभरात मावळतो. उगवसाठी फक्त फॉर उलटा करा, ० ते ६३.

स्क्रीन १३ मध्ये हेच करायचं तर २५६ घरं, ७६८ आकडे. प्रत्येकाला एक गुणाकार, एक भागाकार, एक आउट. जुन्या यंत्रावर बेसिकला हे दीड मिलिसेकंदात उरकत नाही आणि पडद्याच्या वरच्या भागात ठिपके चमकतात. दोन उपाय आहेत: जे रंग चित्रात आहेत तेवढीच घरं मावळवा, किंवा हे काम असेंब्लीत (यंत्राच्या अगदी जवळच्या, वेगवान भाषेत) लिहिलेल्या रुटीनला द्या. दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या विकत घ्यायचे लोक, ते यासाठीच. ईथन विनर यांच्या क्रेसेंट सॉफ्टवेअरचं क्विकपॅक प्रोफेशनल हे त्यातलं नावाजलेलं, आणि त्यातलं बरंचसं असेंब्लीतच होतं.

प्रयोग करताना पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. एफ६ ने खालच्या खिडकीत जा, दिसत नसलं तरी ‘स्क्रीन १३: स्क्रीन ०: विड्थ ८०’ टाइप करून एंटर मारा. मोड बदलला की मूळ रंग परत येतात. क्विकबेसिकच्या बाहेर असाल तर डॉसवर ‘मोड सीओ८०’.

आता याची लायब्ररी

सरक, ठोका, रंगवाच, मावळ आणि उगव ही पाच सबं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पडदा.बास. वर डेफइंट आणि क्यूबी.बीआयचा इन्क्लूड. त्यात चालणारा मुख्य मजकूर काही नको. क्विकबेसिक ‘/एल’ देऊन उघडा, फक्त ही फाइल चढवा, रन मेनूत ‘मेक लायब्ररी’ घ्या आणि नाव द्या पडदा. दोन फाइली होतात. पडदा.क्यूएलबी ही क्विकबेसिकच्या आत काम करताना लागते, पडदा.लिब ही ईएक्सई बनवताना. दोन्ही एकाच वेळी, एकाच फाइलवरून बनलेल्या असू द्या. एक नवी आणि एक जुनी राहिली की आत चालणारा प्रोग्रॅम बाहेर वेगळाच वागतो.

एका वेळी एकच क्यूएलबी चढवता येते. म्हणूनच आपण क्यूबी.क्यूएलबी चढवून मग पडदा बनवली, तिच्यातलं इंटरप्ट आपल्या लायब्ररीत सामावतं. पुढच्या वेळी ‘क्यूबी /एल पडदा’ एवढंच पुरे.

शेवटची वस्तू म्हणजे पडदा.बीआय, साधी मजकुराची फाइल. तिच्यात प्रत्येक सबची एकेक डिक्लेअर ओळ. प्रोग्रॅमच्या वरती ती इन्क्लूड करायची. ही फाइल आळसाने टाळू नका. ती असली की बेसिक तुम्ही दिलेल्या गोष्टी तपासून घेतं. ‘आर्ग्युमेंट-काउंट मिसमॅच’ म्हणजे कमी-जास्त दिल्या. ‘पॅरामीटर टाइप मिसमॅच’ म्हणजे जात चुकली. हा दुसरा प्रकार फार भेटतो: लायब्ररीत रंग() इंटिजर आहे, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये डेफइंट लिहायचं राहिलं म्हणून ‘डिम रंग(१९१)’ ने सिंगल प्रकारची रांग बनली. दिसायला दोन्ही सारख्याच. तपासणी नसती तर रंगांच्या जागी कचरा गेला असता. ‘डुप्लिकेट डेफिनिशन’ आलं तर तेच सब लायब्ररीतही आहे आणि तुमच्या प्रोग्रॅममध्येही राहिलंय. प्रोग्रॅममधलं काढा.

आमच्या क्लासच्या प्रदर्शनाला मी असाच एक मावळता-उगवता नामफलक केला होता. घरच्या यंत्रावर पन्नास वेळा चालवला. प्रदर्शनाला फ्लॉपीवर फक्त .बास फाइल नेली. पाहुणे समोर उभे, आणि पडद्यावर ‘सबप्रोग्रॅम नॉट डिफाइन्ड’. दुसऱ्याच्या यंत्रावर दाखवायचं तर ईएक्सई न्या. ‘मेक ईएक्सई फाइल’मध्ये ‘स्टँड-अलोन’ निवडा, नाहीतर सोबत ब्रन४५.ईएक्सई पण न्यावी लागते. लिंकने (ईएक्सईचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमने) ‘अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल’ म्हटलं तर कुठली तरी .लिब मिळालेली नाही. बहुधा क्यूबी.लिब.

दुसऱ्याची लायब्ररी घेताना

आता तयार लायब्ररी घ्यायला हरकत नाही. स्क्रीन १३ साठी डायरेक्टक्यूबी घ्या. इटलीच्या अँजेलो मोत्तोला यांनी ती लिहिली, पुढे फ्रीबेसिक या नव्या बेसिकची चित्रांची लायब्ररीही त्यांच्याच हातची. तिची मुख्य सोय म्हणजे लेअर. दिसणाऱ्या पडद्यावर चित्र काढायचंच नाही. मागे लपलेल्या लेअरवर शांतपणे काढायचं आणि तयार झालं की एका झटक्यात पुढे आणायचं. ६४,००० बाइट हलवायचं हे काम बेसिकने केलं तर मिनिटं मोजावी लागतील असं नाही, पण फडफड नक्की दिसते.

हे लेअर ईएमएस मेमरीत, म्हणजे डॉसच्या नेहमीच्या मेमरीबाहेरच्या जादा मेमरीत, राहतात. डॉसबॉक्समध्ये ती चालूच असते, खऱ्या जुन्या यंत्रावर ती देणारा ईएमएम३८६ ड्रायव्हर लागेल. सुरुवातीचं रुटीन डीक्यूबीइनिट हे फंक्शन आहे, शून्य परत आला तरच पुढे जा. ते न तपासता पुढे गेलेले प्रोग्रॅम यंत्र गोठवतात. आणि तिचं कीबोर्डचं रुटीन चालू केलंत तर बेसिकचं इनपुट आणि कंट्रोल-ब्रेक दोन्ही बंद. म्हणून एस्केप दाबल्यावर बाहेर पडायची वाट आधी लिहा, मग बाकीचा खेळ. बाहेर पडताना डीक्यूबीक्लोज न चुकता.

दुसऱ्याची कुठलीही लायब्ररी कुठल्या आवृत्तीसाठी बांधली ते बघा. ४.५ ची क्यूएलबी १९९० च्या बेसिक ७.१ मध्ये चालत नाही, तिथली इथे नाही.

मराठी अक्षरांबद्दल हमखास विचारलं जातं. डॉसच्या टेक्स्ट पडद्यावर २५६ ठरलेली चिन्हं, त्यात देवनागरी नाही. त्या काळी त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं गिस्ट कार्ड यंत्रात बसवावं लागायचं. आज हौस असेल तर स्क्रीन १३ मध्ये अक्षरांची चित्रं ठिपक्यांनी काढा. ‘मावळ’ त्यांच्यावरही चालतं, फक्त १९१ च्या जागी ७६७ करा.

आणि डॉसबॉक्स नकोच असेल तर आजच्या यंत्रांवर थेट चालणारं क्यूबी६४ हे बेसिक आहे. त्यात क्यूएलबी चढत नाही. तिथे लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमच्या वर इन्क्लूड केलेली .बीआय आणि अगदी शेवटी इन्क्लूड केलेली .बीएम, दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली. पडदा.बास मधली सबं पडदा.बीएम नावाने ठेवा. रंगांचे पोर्ट क्यूबी६४ ला समजतात, त्यामुळे मावळ आणि उगव नेता येतात. सरक मात्र तिथे नव्याने लिहावं लागेल, कारण खालून हाक ऐकणारं बायोसच तिथे नाही.